मोड आल्यावर

बारावीच्या पोरांना मी दरवर्षी एकच प्रश्न विचारते आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. पेशीत प्रथिन तयार व्हायला सुरुवात कुठून होते, असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात 'ए-यू-जी' म्हणतो. गाईडात ठळक अक्षरांत छापलंय ना. बरं, मग ते ए-यू-जी पेशीला सापडतं कसं? मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" लोणावळ्याच्या ज्युनिअर कॉलेजात माझी निम्मी हयात गेली, पण या प्रश्नाची सवय काही झाली नाही. खडू टेबलावर ठेवते, खिडकीबाहेर बघते आणि परत पहिल्यापासून सुरू करते.

हा धडा मला मनासारखा सांगता आला तो एकदाच, आणि तोही वर्गात नाही. मे महिन्याची सुट्टी होती, गावच्या घरी होते, आणि ऐकणारी आई होती.

आमचं गाव बेडश्याच्या लेण्यांच्या अंगाला आहे. कामशेतला हायवे सोडला की स्कूटरवर अर्ध्या तासाचा रस्ता. शनिवार-रविवारी पवनेला तंबूत झोपायला जाणाऱ्यांच्या गाड्या असल्या तर किती वेळ लागेल ते विचारू नये. घरात आई, दादा आणि वहिनी. दादा वराळ्याच्या बाजूला एका कारखान्यात आहे, माल तपासायचं काम करतो, आणि पाळीतून उरलेल्या वेळात शेती. मी लग्न केलं नाही, लोणावळ्यात खोली करून राहते, सुट्टी लागली की घरी.

आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं त्याला तेव्हा दोन पावसाळे झाले होते. बोलणं सुधारलं, काठी घेऊन मोरीपर्यंत जायची, पण उजवा हात मांडीवर पडून असायचा. तोंड मात्र पहिल्यासारखं चालायचं. वहिनीच्या भाकरीपासून माझ्या आखूड केसांपर्यंत काहीही त्यातून सुटायचं नाही.

आमच्या खाचरांत सगळा इंद्रायणी. तो विकला जातो, त्याबद्दल तक्रार नाही. पण विहिरीजवळच्या एका पट्ट्यात आई जुना आंबेमोहर लावायची. तो तिनं लग्नानंतर माहेराहून आणलेला. कंबरेच्या वर वाढायचा, वारं आलं की आडवा पडायचा, उतारा बेताचा. दादा दरवर्षी कुरकुरायचा, की एवढ्या जागेत इंद्रायणी लावला असता तर पोतं जास्त झालं असतं. तोच दादा तो भात शिजायला लागला की चार वेळा स्वयंपाकघरात डोकावायचा. वास ओढ्यापलीकडे जायचा, खोटं नाही सांगत. बाजारात आंबेमोहराचं बियाणं मिळतं, पण हा नाही मिळत. ह्याच्या कुसळाला लालसर झाक असते. दादानं आजूबाजूच्या गावांत विचारून बघितलं, कुणाकडेच राहिला नव्हता.

आईला वारं गेलं त्या साली तो पट्टा पडीक राहिला, पुढच्या सालीही राहिला. बियाणं पत्र्याच्या डब्यात होतं, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं. मी सुट्टीला आले त्या दिवशी आईनं चहा प्यायच्या आधी विषय काढला.

"औंदा त्यो पेरायचा. न्हाईतर मी गेल्यावर त्याच्या लाह्या फोडून खा."

मी डब्यातले मूठभर दाणे काढून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, उगवतात का बघायला. निम्म्यांनाही मोड आले नाहीत. बी वाट बघतं, पण जन्मभर बघत नाही. घरात ठेवलेलं भाताचं बी दरवर्षी थोडं थोडं मरतं, आणि हे तिसऱ्या उन्हाळ्यात होतं. आईपासून लपवण्यात अर्थ नव्हता, सरळ सांगितलं.

"म्हंजे औंदाच," ती म्हणाली. "फुडल्या साली न्हाईच."

"नाहीच."

मग कामाला लागलो. एवढं जुनं बी कोरडं टाकून चालणार नव्हतं, मोड आणूनच पेरायचं ठरलं. वहिनीनं डबा रिकामा केला, बी मिठाच्या पाण्यात टाकलं, वर तरंगलेले पोचट दाणे काढले. राहिलेलं गोड्या पाण्यानं दोनदा धुतलं, एक दिवस-रात्र भिजवलं, मग ओल्या गोणत्यात बांधून ओटीच्या कोपऱ्यात पेंढ्याखाली ठेवलं, वर दोन दगड. आत ऊब धरते, मोड एकसारखे येतात. शेजारी आईची खाट. ती त्या पेंढ्याकडे बघत पडून राहायची.

"आत काय चाललंय आता?" तिनं दुपारी विचारलं.

मी भाजी निवडत होते. सांगायला लागले, आणि भाजी तशीच राहिली.

दाणा ओंबीत भरत असतो, तेव्हाच त्याच्या पेशी पुढच्या कामाचे निरोप लिहून ठेवतात. अमुक प्रथिन कर, तमुक कर. संदेशवाहक आरएनए म्हणतात ते हेच निरोप. मग दाणा वाळतो, कापला जातो, झोडला जातो, डब्यात पडतो, आणि निरोप आत तसेच राहतात. ते वाचणारी यंत्रंही, म्हणजे रायबोसोम, तिथंच असतात, पण गप्प. पाणी शिरलं की काही तासांत वाचन सुरू होतं. यातली गंमत मला अजून वाटते: बी नवे निरोप लिहीपर्यंत थांबत नाही, आधी ठेवलेलेच वाचायला घेतं. औषध घालून नवं लिहिणं बंद पाडलं तरी भाताला मोड येतो. वाचणं बंद पाडलं तर येत नाही.

आई ऐकत होती. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाली, "पन त्याला कसं कळतं, वाचायला कुटनं सुरू करायचं?"

मी विळी बाजूला सारली. इतकी वर्षं फळ्यासमोर उभी राहून ज्या प्रश्नाची वाट बघितली तो माझ्या आईनं खाटेवर पडल्या पडल्या विचारला होता. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या पायथ्याशीच जाऊन बसले.

"निरोपाच्या एका टोकाला टोपीसारखं काहीतरी असतं," मी सांगितलं. "रायबोसोमचे दोन भाग, एक धाकटा, एक थोरला. काम सुरू करायचं तर ते आधी सुटे व्हावे लागतात. धाकटा एकटाच त्या टोपीपाशी येतो. म्हणजे अगदी एकटा नाही, बरोबर मदतनीस प्रथिनांचा घोळका असतो. आणि पहिला मणी आधीच बरोबर आणलेला असतो."

"कसला मनी?"

"प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समज. माळ कुठलीही असो, ओवायला घेतात तो पहिला मणी एकच, मेथिओनिन. तो आणणारा वाहक धाकट्याच्या अंगाला चिकटून असतो. मग धाकटा टोपीपासून निघतो आणि एकेक अक्षर चाचपत पुढं जातो. सुरुवातीची अक्षरं तो नुसती ओलांडतो, त्यांची माळ होत नाही. ए-यू-जी अशी तीन अक्षरं आली की तो वाहक तिथं नेमका बसतो. दुसरीकडे बसत नाही, म्हणजे क्वचित बसतो, पण ते सोड. तो बसला की धाकटा थांबतो. मदतनीस बाजूला होतात, आणि थोरला येऊन वर बसतो. मग दुसरा मणी, तिसरा, चौथा."

"म्हंजे धाकट्यानं जागा धरायची आन् थोरल्यानं आयतं यिऊन बसायचं," आई म्हणाली. "आपल्या घरातल्यासारखंच."

दादा अंगणात होता, त्यानं ऐकलं. बादली जरा जोरात ठेवली.

"आन् मदीच थांबिवलं तर?"

हाही बरोबर प्रश्न होता. पेशीला हात आखडायचा असला की ती बहुतेक वेळा सुरुवातीलाच आखडते. उपासमार असो, उष्णता असो, धाकट्याला टोपीपाशी येऊच देत नाही, नाहीतर पहिला मणी मिळू देत नाही. एकदा माळ ओवायला घेतली की मग ती पुरी करण्याकडेच कल. बियाचंही काहीसं तसंच. भिजलेलं बी मोड बाहेर यायच्या आत वाळवलं तर ते परत झोपतं आणि नंतर पेरलं तरी उगवतं. काही लोक मुद्दाम तसं करतात. पण मोड बाहेर आला की संपलं. त्या कोवळ्या अंगाला वाळून जगायचं ठाऊक नसतं. मग एक तर मातीत जायचं, नाही तर मरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं गोणत्याचं तोंड सोडून बघितलं. पांढरी टोकं दिसत होती. सगळ्या दाण्यांना नव्हती, पण मी धास्तावले होते त्यापेक्षा बरीच जास्त होती. विहिरीजवळ राब, म्हणजे रोपं वाढवायचा तुकडा, भाजून तयार होता, पाणी सोडायचं, चिखल करायचा आणि संध्याकाळी टाकायचं असं ठरलं. आईनं एक मोड आलेला दाणा मागून घेतला आणि डाव्या तळहातावर धरून बघत बसली.

तेवढ्यात भावकीतून फोन आला. आबा गेले.

आबा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. त्यांचं आणि आमचं बांधावरून वाजलेलं. वडील गेले तेव्हा ते स्मशानापर्यंत आले नव्हते. आम्हीही त्यांच्या नातवाच्या लग्नाला गेलो नव्हतो. तरी भावकी ती भावकी. दादानं पाळी बदलून घेतली, खांदा द्यायला गेला. दुपारी परत आला, अंगणातच अंघोळ केली आणि टॉवेल पिळता पिळता म्हणाला, "त्या बियाला आता तेराव्यापत्तोर हात लावायचा न्हाई."

आमच्याकडे सुतकात बाकीची कामं चालतात. जनावरांना वैरण घालतात, नोकरीला जातात, दाढी सोडून सगळं करतात. पण बियाण्याला शिवत नाहीत. सुतकातल्या हातानं टाकलेलं बी घराला लागतं म्हणतात. कुणाला कधी लागलं ते मात्र कुणी सांगत नाही.

"दादा, मोड आलेत," मी म्हणाले.

"खाटंवर पसर, वाळंल. तेरावा झाला का टाकू."

"अरे, काल काय सांगत होते मी? मोड आल्यावर वाळवलं तर मरतं ते."

"मंग तसंच ऱ्हाऊ दे गोनत्यात."

"गोणत्यात कुजेल. दोन दिवसांत वास मारायला लागेल."

"मंग मी काय करू?" दादा एकदम चढला. "आबाशी आपलं वाजलेलं साऱ्या गावाला म्हाईत हाय. त्ये तिकडं जळत्यात आन् आपन हिकडं पेरनी करतोय, लोक काय म्हनत्याल? म्हातारा मेला म्हनून ह्यांना उकळ्या फुटल्या म्हनत्याल. तू जाशील लोनावळ्याला निघून. मला हितं ऱ्हायाचंय."

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच माझी जास्त चिडचिड झाली. मी म्हणाले, मी टाकते. मला सुतकबितक काही मान्य नाही. लग्न झालं असतं तर मला हे लागलंही नसतं. लग्न केलं नाही म्हणून मी भावकीतली. एरवी जमिनीच्या गोष्टी निघाल्या की याच भावकीत मला कुणी धरत नाही, सुतकापुरती तेवढी बरोबर आठवण येते. असं बरंच बोलले. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली.

"तू टाकलंस तर त्यातला एक दाना मी खानार न्हाई," आई खाटेवरून म्हणाली.

मग मात्र मला रडू आलं. रागानं आलं, पण आलं. तिच्याचसाठी भांडत होते आणि तीच आडवी येत होती. मी विहिरीवर जाऊन बसले. तो भाजलेला काळा राब समोर, त्यावर सकाळी घातलेल्या वाफ्याच्या रेघा. उन्हं कलायला लागली तशी वहिनी बोलवायला आली, आई हाक मारते म्हणून.

आई उठून बसली होती. म्हणाली, "वड्यापल्याडच्या मावशीला बोलाव. तिला म्हनावं बी घिऊन जा, तुज्या राबात टाक."

दादानं मान वर केली. हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्या वाडीत सगळी घरं भावकीचीच, सगळ्यांना सुतक. ओढ्याच्या पलीकडे बौद्ध वस्ती, तिथं आमचं सुतक जात नाही. आईचं गणित सरळ होतं. गोणतं ओटीच्या कडेला आहे, मावशीनं यावं, आपल्या हातानं उचलावं आणि न्यावं. आमचा कुणाचा हात बियाला लागायला नको.

मावशी आईच्याच वयाची. दोघींनी जन्मभर सावडीनं लावणी केली. एक दिवस आमच्या खाचरात, एक दिवस तिच्या. चिखलात दोघी खांद्याला खांदा लावून वाकलेल्या असायच्या, हसायच्या, एकमेकींना टोमणे मारायच्या. चिखलातून वर आल्या की मात्र आई ओटीवर आणि मावशी अंगणात. तिचा चहाचा कप वेगळा, निळ्या फुलांचा, ओटीच्या बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. तो तिनंच विसळायचा, तिनंच पालथा घालायचा. खळ्यावर तिला भात द्यायचा तर आई सूप उंच धरून तिच्या पदरात ओतायची, हाताला हात लागू नये म्हणून. कॉलेजात असताना त्या कपावरून मी आईशी कडाक्याचं भांडले होते, दोन दिवस जेवले नव्हते. कप हलला नाही. पुढं मावशीच्या मुलाला रेल्वेत नोकरी लागली, तिचं स्लॅबचं घर झालं, आणि तिनं आमच्याकडे चहा घेणंच बंद केलं. विचारलं की म्हणायची, आत्ताच घिऊन आले. कप तसाच कोनाड्यात राहिला.

मी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती गोठा झाडत होती. हात धुतले, पदर खोचला आणि माझ्याबरोबर निघाली.

अंगणात येऊन ती ओटीच्या खाली उभी राहिली, नेहमीच्या जागेवर. आईनं पेंढ्याकडे बोट केलं.

"त्यो जुना हाय. मोड आल्यात. घिऊन जा आन् टाक तुज्यात."

"सुतक हाय व्हय तुमाला?"

"व्हय."

"आन् आमाला न्हाई."

"न्हाई."

"बरं हाय," मावशी म्हणाली. "आमाला न्हाई ते आज कामाला आलं."

मावशी गोणत्याकडे गेली नाही. तिथंच उभी राहून आईकडे बघत राहिली.

"घिते मी. पन आसं न्हाई घेनार. आजवर वरनं टाकलंत, घेतलं. आज हातात द्या."

दादा म्हणाला, "मावशी, सुतकात बियाला—"

"म्हाईत हाय मला. मंग ऱ्हाऊ द्या."

मी आईकडे बघितलं नाही. खरंच मला बघवेना. जन्मभर पाळलेल्या दोन गोष्टी एका दमात मोडायला तिला सांगितलं होतं, आणि तेही तिच्याच अंगणात. ती नाही म्हणेल याची मला खात्री होती. गोणत्यातलं बी उद्या संध्याकाळपर्यंत आंबेल आणि परवा मी ते उकिरड्यावर टाकून येईन, इथपर्यंत मनात सगळं झालं होतं.

"गोनतं सोड," आई वहिनीला म्हणाली.

"आई," दादा म्हणाला.

"तू गप."

वहिनीनं गोणतं पुढं ओढलं आणि तोंड सोडलं. आईनं डावा हात घातला, मूठ भरली, आणि थांबली. डाव्या हातानं कुणाला काही देत नाहीत, बी तर नाहीच. तिनं ती मूठ उजव्या तळहातावर ठेवली. मग डाव्या हातानं उजवं मनगट धरून तो हात उचलला. तिला तो तोलेना. मावशी ओटीच्या पायरीशी आली, ओंजळ पुढं केली, आणि आईचा हात तिच्यात जाऊन पडला. नुसता पडला. उचलायला तिला ताकदच नव्हती. मावशीनंही ओढून घेतला नाही. दाणे ओंजळीत गेल्यावरही तो हात काही वेळ तिथंच होता.

मग मावशीनं ती ओंजळ पदरात बांधली, गोणत्याला गाठ मारली, डोक्यावर घेतलं आणि गेली. दिवस मावळायच्या आत तिनं राबात बी टाकलं होतं.

पुढचे दिवस आई त्या रिकाम्या पेंढ्याकडे बघत पडून राहायची. मी दोनदा ओढ्यापर्यंत जाऊन आले, पण पलीकडे गेले नाही, मला भीती वाटत होती. तेराव्याच्या जेवणाला दादा मान खाली घालून बसला होता. कुणीतरी विचारलंच, बी वस्तीत गेलं म्हणे तुमचं. दादा म्हणाला, "गेलं." आणि वाढप्याला भात मागितला. त्याच्याबद्दल मला त्या दिवशी बरं वाटलं.

त्या संध्याकाळी मी ओढा ओलांडला. मावशीच्या राबात एका कडेला कोवळा हिरवा तुकडा होता. विरळ होता, मध्ये मध्ये टकला होता, पण उभा होता. मी तशीच मागं फिरले.

"आलंय?" आईनं विचारलं.

"आलंय. विरळ आहे, पण आलंय."

आई रडली. मोठ्यानं नाही, पण तोंड लपवलं नाही. डाव्या हातानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, जा, च्या ठेव.

लावणीच्या वेळी मावशीनं रोपं उपटून दोन ढीग केले. "निम्मं माजं," तिनं सांगून टाकलं, विचारलं नाही. आमच्या वाट्याचं विहिरीजवळच्या पट्ट्यात लागलं, तिच्या वाट्याचं ओढ्याकडच्या तिच्या खाचरात. आमचा पट्टा दृष्ट लागावी असा आला. कंबरेच्या वर गेला, पोटऱ्या भरल्या, ओंब्या लवल्या. दसऱ्यानंतर वाऱ्यासकट पाऊस आला आणि एका दुपारी सगळा आडवा केला. त्यावर पाणी साचलं. दादा कारखान्यातून येऊन चर काढेपर्यंत उशीर झाला होता. चार दिवसांनी बघितलं तर पडलेल्या ओंब्यांना शेतातच मोड आले होते. ऊन पडल्यावर तेही वाळून गेले. बियाण्याला धरावा असा दाणा त्यातून निघाला नाही. जनावरांनाच घातला.

मावशीचं खाचर डोंगराच्या आडोशाला. तिचा भात उभा होता.

आई काही मागायला गेली नाही. मी जाते म्हणाले तर नको म्हणाली. "तिचं हाय त्ये. तिला वाटलं तर दील." दिवाळी झाली, कापणी झाली, झोडणी झाली. आमचा इंद्रायणी घरात आला. आई रिकामा डबा खाटेखाली ठेवून होती. वहिनीनं तो दोनदा फळीवर ठेवला आणि आईनं दोन्ही वेळा खाली घ्यायला लावला.

एका रविवारी सकाळी मावशी आली. काखेत पिशवी होती. सवयीनं अंगणात थांबली.

"वर ये," आई म्हणाली.

मावशी पायरी चढून ओटीवर आली आणि आईच्या खाटेसमोर बसली. वहिनीनं न सांगता चहा टाकला आणि आतले, आमचे रोजचेच कप घेऊन आली. सगळ्यांना सारखे. मला हायसं वाटलं. आणि मग आई म्हणाली, "कोनाड्यातला कप आन."

वहिनी तिथंच खिळली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकं सगळं झाल्यावर, बी तिच्या हातून जगल्यावर, आई परत तिथंच आली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीनं माझ्याकडे बघितलं, आणि मी गप्प बसले. वहिनीनं कप आणला. आत कोळ्याचं जाळं होतं. तिनं तो मोरीत धुतला आणि हातात धरून उभी राहिली, कुणापुढं ठेवायचा ते तिला कळेना.

"माजा च्या त्यात वत," आई म्हणाली.

वहिनीनं ओतला. आईनं तो निळ्या फुलांचा कप डाव्या हातात घेतला आणि प्यायला लागली. मावशी हातातला कप तसाच धरून तिच्याकडे बघत होती. आईनं सगळा चहा संपवला आणि कप खाटेच्या कडेला ठेवला.

"लय उशीर केलास," मावशी म्हणाली.

"व्हय. केला."

"जलम गेला माजा त्यात."

मावशीनं आपला चहा प्यायला, पिशवीचं तोंड सोडलं आणि खाटेजवळ सरकली.

"हात कर फुडं."

आईनं उजव्या हाताखाली डावा धरला आणि दोन्ही पुढं केले. मावशीनं त्यात लाल कुसळाचा भात ओतला. थोडे दाणे खाली सांडले. मावशीनं ते एकेक करून वेचले आणि परत आईच्या हातात ठेवले.